जिनिंगमधली मशीन कॉम्प्युटरशी बोलती करायची कशी? मॉडबसची पहिली जोडणी

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या पट्ट्यातल्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये हंगामात रात्री दहाला जा. प्रेसजवळ मिस्त्री पत्र्यावर खडूने गाठींच्या रेघा ओढत असतो. पाच रेघा झाल्या की आडवी काट मारतो. तिकडे ऑफिसात मुनीमजी फोनवर विचारून तोच आकडा कॉम्प्युटरमध्ये भरत असतात. दोघांमध्ये अंतर दीडशे मीटर, आणि त्या दीडशे मीटरमध्ये रोज एखादी-दुसरी गाठ हरवते. प्रेसच्या पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या पॅनेलमधल्या छोट्या कॉम्प्युटरला, मात्र प्रत्येक गाठ ठाऊक असते. तिला कोणी विचारत नाही, एवढीच अडचण.

आयटीआय किंवा डिप्लोमा करून गावाजवळच्याच जिनिंगमध्ये, डाळ मिलमध्ये किंवा तेलाच्या कारखान्यात लागलेल्या आणि पहिल्याच महिन्यात शेठजींकडून "ते मशीन कॉम्प्युटरला जोडून दे ना बे" असं ऐकलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. उदाहरण जिनिंगचं घेतलंय, कारण माझे हात त्यातच काळे झाले. डाळ मिलमध्येही तारा याच आणि चुकाही याच.

आधी कागद, मग पक्कड

पहिल्या दिवशी तार ओढू नका. शेठ, मुनीम आणि फोरमन या तिघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारा: तुम्हाला रोज कोणता आकडा लागतो? शेठजींना बहुधा वीजबिलातली कमाल मागणी आणि पॉवर फॅक्टर हवा असतो. मुनीमला गाठी आणि वजन लागतं. फोरमनला हॉलमधली आर्द्रता आणि प्रेसच्या तेलाचं तापमान. सगळं मिळून आठ-दहा आकड्यांच्या वर यादी जात नाही. मीटरमध्ये दोनशे आकडे असतात म्हणून दोनशेही ओढणारे हौशी मी पाहिलेत. दोन महिन्यांनी त्यातले पाचही कोणी उघडून पाहत नाही.

मग प्रत्येक यंत्राजवळ जाऊन मोबाइलमध्ये तीन फोटो घ्या: नेमप्लेट, मागची टर्मिनल पट्टी आणि सेटिंगच्या मेनूतलं कम्युनिकेशनचं पान. नेमप्लेटवरून मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवा. मॅन्युअल हाती आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकण्यात अर्थ नाही. का ते पुढे कळेलच.

भाषा कोणती?

कारखान्यातली यंत्रं बोलतात त्या भाषांना प्रोटोकॉल म्हणतात. आपल्याकडच्या लहान-मध्यम कारखान्यात सगळ्यात जास्त भेटतो तो मॉडबस. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये तो आपल्या पीएलसीसाठी काढला आणि नियम सगळ्यांसाठी खुले ठेवले. म्हणून आज एनर्जी मीटर, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा डबा), तापमानाचा कंट्रोलर, कोणत्याही कंपनीचा असो, मागे दोन स्क्रू असतात आणि मॅन्युअलमध्ये 'मॉडबस आरटीयू' लिहिलेलं सापडतं.

यात एक मालक असतो, बाकीचे ऐकणारे. मालक म्हणजे आपला कॉम्प्युटर. तो नंबर घेऊन विचारतो, ज्याचा नंबर असेल तो उत्तर देतो, बाकी गप्प. शाळेतल्या हजेरीसारखंच. स्वतःहून हात वर करून "सर, तेल तापलं" असं सांगायची सोय यात नाही. हे आत्ताच डोक्यात पक्कं करा, कारण नवखे हमखास इथे फसतात आणि "अलार्म आला तरी कॉम्प्युटरवर का नाही दिसत" म्हणून बसतात. तुम्ही विचारलंच नाही, म्हणून दिसत नाही. जुन्या पुस्तकांत या दोघांना मास्टर-स्लेव्ह म्हटलेलं असतं. २०२० पासून मॉडबसच्या संस्थेने क्लायंट-सर्व्हर हे शब्द घेतले. मॅन्युअलमध्ये दोन्ही सापडतील, अर्थ एकच.

तार: निम्मं काम इथेच

मॉडबस ही भाषा, आणि ती ज्या रस्त्याने जाते तो रस्ता म्हणजे आरएस-४८५. जुना आरएस-२३२ साधारण पंधरा मीटरवर दम तोडतो. आरएस-४८५ कमी वेगावर १२०० मीटरपर्यंत जातो आणि एका तारेवर साधारण ३२ यंत्रं बसतात. ऑफिस ते प्रेस एवढ्या अंतराला तो पुरून उरतो.

तार पीळ दिलेली, शील्ड (गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) असलेली घ्या. घरच्या वायरिंगमधली उरलेली दोन कोरची वायर दहा मीटरवर चालेल, शंभरवर रडवेल. तार एका यंत्राकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी माळेसारखी जायला हवी. मधूनच फांदी फोडून चार दिशांना नेलेली जोडणी टेबलावर चालते आणि हॉलमध्ये बंद पडते. माळेच्या दोन्ही टोकांना, फक्त टोकांनाच, १२० ओहमचा रेझिस्टर ए आणि बी या दोन तारांच्या मध्ये लावायचा. तो बरोबर लागला का हे बघायला सगळी वीज बंद करून ए-बी मध्ये मल्टिमीटर धरा. ६० ओहमच्या आसपास आलं तर ठीक. १२० आलं तर एक टोक राहिलं. ४० आलं तर कुणीतरी मध्येच तिसरा ठोकलाय.

आता ए आणि बी. या दोन अक्षरांनी माझा पहिला अख्खा दिवस खाल्ला होता. एका मीटरवर ए म्हणजे धन, दुसऱ्या कंपनीच्या मीटरवर ए म्हणजे ऋण. प्रमाणात एक लिहिलंय आणि अनेक कंपन्या उलटं छापतात. सुदैवाने उलट लावल्याने काही जळत नाही, फक्त उत्तर येत नाही. म्हणून उत्तर आलं नाही की आधी दोन तारा अदलाबदल करून बघा. लाज वाटायचं कारण नाही, वीस वर्षांचा अनुभव असलेलेही हेच करतात.

शील्ड एकाच टोकाला अर्थिंगला जोडा, शक्यतो पॅनेलच्या बाजूला. दोन्हीकडे जोडलीत तर प्रेसची अर्थिंग आणि ऑफिसची अर्थिंग यांच्यातल्या फरकाचा करंट त्याच शील्डमधून वाहतो. ए-बी सोबत तिसरी कॉमनची तारही घ्या. मॅन्युअलमध्ये ती दिलेली असते, लोक पैसे वाचवायला टाळतात.

आणि व्हीएफडी. एका जिनिंगमध्ये सगळं लावून दिलं, दुपारभर छान चाललं. संध्याकाळी फिटरचा फोन आला.

"भाऊ, सक्शनचा फॅन सुरू झाला का मीटर मुकं होते."

"आणि बंद केला की?"

"मंग बोलते ना. भूतबाधा हाये का काय त्याले?"

भूत केबल ट्रेमध्ये होतं. व्हीएफडीपासून फॅनच्या मोटरकडे जाणारी जाड केबल आणि आमची बारीक तार चाळीस मीटर गळ्यात गळे घालून एकाच ट्रेमधून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आमची तार वेगळ्या लोखंडी पाइपातून फुटभर लांबून नेली. जिथे ओलांडणं भाग होतं तिथे काटकोनात ओलांडली. भूत गेलं. पाइपाचा आणखी एक फायदा असा की सरकीच्या वासावर येणारे उंदीर तारेपर्यंत पोचत नाहीत.

ऑफिसच्या बाजूला यूएसबीला लागणारा कन्व्हर्टर घ्यायचा तो आयसोलेटेडच घ्या, म्हणजे तार आणि कॉम्प्युटर यांच्यात विजेची थेट जोडणी नसलेला. महाग पडतो, शेठजी कुरकुरतात. मृगाच्या तोंडावर एकदा वीज कडाडली आणि साध्या कन्व्हर्टरमधून थेट कॉम्प्युटरच्या मदरबोर्डपर्यंत पोचली, तेव्हापासून मी या मुद्द्यावर वाद घालत नाही. हंगाम संपला की एप्रिल-मेमध्ये तार कन्व्हर्टरमधून काढून ठेवा.

टेबलावर एकच यंत्र

दहा यंत्रं एकदम जोडून सुरू करणं म्हणजे दहा जणांना एकदम बोलायला लावणं. एक मीटर ऑफिसच्या टेबलावर आणा, दोन हाताची तार लावा आणि चार गोष्टी जुळवा: यंत्राचा नंबर, वेग (मेनूत 'बॉड रेट'), पॅरिटी (प्रत्येक अक्षरासोबत जाणारा तपासणीचा बिट) आणि स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण). नंबर १ ते २४७ मधला कोणताही, पण माळेत एक नंबर एकाच यंत्राला. नव्या मीटरवर बहुतेक वेळा कारखान्यातूनच १ टाकलेला असतो, त्यामुळे दोन नवे मीटर बदल न करता जोडले की दोघं एकदम उत्तर देतात आणि काहीच कळत नाही. वेग ९६०० ठेवा. आठ-दहा यंत्रांना तो भरपूर झाला. एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद लागतो, सवाल-जवाब मिळून पंचवीस-तीस मिलिसेकंद आणि यंत्राचा विचार करायचा वेळ. वेग वाढवून मिळत काही नाही, फक्त गोंगाटाला जागा मिळते.

पॅरिटी मॉडबसच्या नियमाप्रमाणे इव्हन असायला हवी, पण बाजारातली निम्मी यंत्रं पॅरिटीशिवाय येतात. मीटरच्या मेनूत बघा आणि कॉम्प्युटरवर तेच टाका. अंदाजाने टाकू नका.

कॉम्प्युटरवर सुरुवातीला क्यूमॉडमास्टरसारखं एखादं फुकटचं तपासणीचं सॉफ्टवेअर पुरे. दोन बारीक गोष्टी लक्षात ठेवा. एक कॉम पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो, म्हणजे तपासणीचं सॉफ्टवेअर चालू ठेवून दुसरं सुरू केलं तर दुसरं रुसणार. आणि कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला की पोर्टचा नंबर बदलू शकतो. साफसफाई करणाऱ्या मावशींनी वायर काढून परत लावली आणि सगळं बंद पडलं, असं झालं तर आधी हेच बघा.

एक सवाल, एक जवाब

आता प्रत्यक्ष तारेवरून काय जातं ते एकदा डोळ्यांनी बघा. पुढे सगळं सॉफ्टवेअर करतं, पण ज्याने हे एकदा वाचलंय तो अडत नाही. आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरच्या पद्धतीत आहेत:

०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी

०१ म्हणजे एक नंबरचा मीटर. ०३ म्हणजे "तुझी होल्डिंग रजिस्टर वाचून दाखव". रजिस्टर म्हणजे यंत्रातला आकडा ठेवायचा खण. पुढचे ०० ०० म्हणजे पहिल्या रजिस्टरपासून. ०० ०२ म्हणजे दोन रजिस्टर. शेवटचे दोन बाइट सीआरसीचे, म्हणजे आधीच्या सगळ्या बाइटांवरून हिशेब करून काढलेली खूणगाठ. वाटेत एक बिट जरी बदललं तर खूणगाठ जुळत नाही आणि मीटर तो सवाल ऐकलाच नाही असं वागतो.

मीटरचा जवाब असा:

०१ ०३ ०४ ४३ ६६ ०० ००, आणि पाठोपाठ सीआरसीचे दोन बाइट.

मी एक नंबर, तुझा तीनचा सवाल, चार बाइट देतो, हे घे. आणि ४३ ६६ ०० ०० हा दशांश अपूर्णांकाच्या ठरलेल्या मांडणीत २३०.० होतो. म्हणजे व्होल्टेज. पहिल्यांदा हा आकडा मीटरच्या पडद्यावरच्या आकड्याशी जुळतो तेव्हा चहा मागवायला हरकत नाही.

जवाब नाही आला तर काय? इथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका, अर्धं आयुष्य वाचेल. काहीच परत येत नाही: तार, ए-बी, यंत्राचा नंबर, वेग किंवा पॅरिटी चुकलीय. काहीतरी येतं पण सीआरसी चुकीचा: गोंगाट आहे किंवा एकाच नंबरची दोन यंत्रं आहेत. आणि ०३ च्या जागी ८३ येतं, पुढे ०२: मीटर सांगतोय की असं रजिस्टर माझ्याकडे नाहीच. नवखे या तिसऱ्याला घाबरतात. खरं तर ही आनंदाची बातमी आहे. तार बरोबर, वेग बरोबर, नंबर बरोबर, फक्त पत्ता चुकलाय. पक्कड खाली ठेवा आणि मॅन्युअल उघडा.

रजिस्टरचा नकाशा: आकडा कळतो, अर्थ नाही

मॉडबस फक्त एवढंच सांगतो की अमुक खणात तमुक आकडा आहे. तो व्होल्ट आहे, किलो आहे की गाठी, हे मॉडबसला माहीत नाही आणि त्याला घेणंदेणंही नाही. ते कंपनीच्या मॅन्युअलमधल्या रजिस्टरच्या तक्त्यात असतं, आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. म्हणून सुरुवातीला मॅन्युअलचा हट्ट धरला.

पहिली खोच एकाच्या फरकाची. तक्त्यात ४०००१ लिहिलेलं असतं, तारेवर मात्र तेच रजिस्टर ०० ०० म्हणून जातं. पुढचा ४ सांगतो की हे होल्डिंग रजिस्टर, ०३ ने वाचा. ३ ने सुरू होणारं असेल तर ते इनपुट रजिस्टर, ०४ ने वाचा. काही सॉफ्टवेअर एक वजा करतात, काही करत नाहीत. व्होल्टेजच्या जागी करंट दिसायला लागला तर हाच घोळ.

दुसरी खोच शब्दांच्या क्रमाची. वरचाच जवाब काही मीटर ०० ०० ४३ ६६ असा उलटून देतात. तसाच वाचला तर आकडा इतका बारीक निघतो की पडद्यावर ०.०० दिसतं. मीटर दाखवतोय २३०, कॉम्प्युटर दाखवतोय शून्य, आणि चूक कुठलीच येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ड स्वॅप' नावाची खूण असते, ती लावून बघा.

तिसरी मला सगळ्यात आवडते. एका रजिस्टरमध्ये १६ बिट, म्हणजे जास्तीत जास्त ६५५३५. प्रेसच्या पीएलसीमध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्याने गाठींचा आकडा एका रजिस्टरमध्ये ठेवला तर संपूर्ण हंगाम निघून जातो. पण त्याने एकूण किलोही एकाच रजिस्टरमध्ये ठेवले तर? १७० किलोची एक गाठ. ३८५ गाठी झाल्या की ६५४५० किलो. ३८६वी गाठ बांधली की ६५६२० व्हायला हवं, आणि पडद्यावर येतं ८४. रात्रपाळीत कधीतरी हे होतं आणि सकाळी मुनीमजी फोरमनकडे संशयाने बघतात. किलोसाठी दोन रजिस्टर मागून घ्या, नाहीतर फक्त गाठी वाचा आणि किलो कॉम्प्युटरवर काढा.

तक्त्यातले गुणकही बघा. आर्द्रता ५४.३ टक्के असेल तर सेन्सर ५४३ पाठवतो आणि दहाने भागायचं तुमच्यावर सोडतो.

काट्याची गोष्ट वेगळी

धर्मकाट्याचा इंडिकेटर पुष्कळदा मॉडबस बोलतच नाही. तो आरएस-२३२ वरून वजनाची ओळ अक्षरांत, न विचारता, सेकंदाला अनेकदा ओकत राहतो. त्याला सवाल पाठवून वाट बघत बसू नका. एखाद्या टर्मिनल प्रोग्राममध्ये पोर्ट उघडा, ओळ कशी येते ते बघा, ओळीची सुरुवात आणि शेवट कोणत्या खुणेने होतो ते लिहून घ्या. वजन स्थिर झालंय की ट्रॉली अजून हलतेय, हे सांगणारं एखादं अक्षर ओळीत असलं तर तेही शोधा. स्थिर नसलेलं वजन नोंदवलं तर शेतकऱ्याशी भांडण ठरलेलं, आणि त्या भांडणात तो बरोबर असतो. इंडिकेटरच्या आत हात घालू नका. काट्यावर वजनमाप खात्याचं सील असतं, आपण फक्त बाहेर येणारी तार वाचायची.

साठवण, आणि वीज गेल्यावर

दर पाच-दहा सेकंदांनी वाचा, प्रत्येक आकड्यासोबत वेळ लिहा. जवाब आला नाही तर तिथे शून्य लिहू नका, जागा रिकामी सोडा. शून्य म्हणजे मशीन बंद आणि रिकामं म्हणजे आम्हाला ठाऊक नाही. हा फरक महिन्याच्या शेवटी हिशेब काढताना लागतोच. थोडंफार पायथॉन येत असेल तर पायमॉडबस ही लायब्ररी घ्या आणि आकडे त्याच कॉम्प्युटरवर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवा. शहरातल्या घरी बसलेल्या मालकाला मोबाइलवर आकडे हवे असतील तर नंतर एमक्यूटीटी या नेटवरून छोटे संदेश नेणाऱ्या प्रोटोकॉलने पाठवा. नेट येतं-जातं अशा ठिकाणी ते बरं चालतं. पण आधी स्वतःच्या डिस्कवर, मग बाहेर.

कॉम्प्युटर ऑफिसात, यूपीएसवर. जिन हॉलमध्ये ठेवलात तर रुईची भुरभुर पंख्यात बसून तो महिन्याभरात गुदमरेल. वीज आल्यावर कॉम्प्युटर आपोआप सुरू होईल आणि प्रोग्रामही आपोआप उठेल, हे स्वतः मेन स्विच पाडून तपासा. मी तपासलं नव्हतं एकदा. तीन दिवसांचे आकडे गेले आणि तीन दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वाचा, लिहू नका

मॉडबसने रजिस्टरमध्ये लिहिताही येतं, ०६ ने एक आणि १६ ने (हेक्समध्ये १०) अनेक. पहिल्या वर्षी त्याला हात लावू नका. प्रेसमध्ये माणसं हात घालून पट्ट्या बांधतात. ऑफिसातून एका चुकीच्या खणात एक आकडा गेला आणि सिलिंडर हलला तर पुढचं बोलायला नको. आपत्कालीन बंदचं बटण तर कधीच, कुठल्याही कारणाने, कॉम्प्युटरवरून नेऊ नका. ते तारेने थेट पॅनेललाच राहिलं पाहिजे.

मॉडबसला पासवर्ड नसतो. जो तारेवर आला तो मालक. नेटवर्कवरचा मॉडबस टीसीपी ५०२ पोर्टवर चालतो. राउटरमधून तो पोर्ट इंटरनेटला उघडून देणं म्हणजे प्रेसची चावी चौकात टांगणं. "बाहेरून बघता येईल ना?" असं कोणी म्हणालं तरी नाही म्हणा.

साणंद-धोलेराला निघालेल्यांसाठी

आपल्याकडची काही पोरं आता गुजरातमधल्या चिपच्या कारखान्यांकडे बघताहेत. तिथली भाषा वेगळी, पण वर शिकलेलं वाया जात नाही. सेमी या संस्थेने चिपच्या यंत्रांसाठी प्रमाणं ठरवून दिलीत: संदेशांची मांडणी ई५ मध्ये, म्हणजे सेक्स-२, ते नेटवर्कवरून नेण्याची रीत ई३७, म्हणजे एचएसएमएस, आणि यंत्राने वागायचं कसं हे ई३० मध्ये, ज्याला जेम म्हणतात. पहिला संदेश एस१एफ१: "आहेस का?" जवाब एस१एफ२: "आहे." एफपुढचा आकडा विषम तर सवाल, सम तर जवाब.

मोठा फरक दोन ठिकाणी. एक, तिथे यंत्र स्वतःहून बोलतं. काम संपलं की एस६एफ११ पाठवतं, अलार्म आला की एस५एफ१. हजेरी घेत बसावं लागत नाही. दुसरा, यंत्र कोणत्या अवस्थेत आहे, हुकूम ऑफिसचा चालेल की मशीनवरच्या माणसाचा, हेही प्रमाणातच ठरलेलं आहे. आपल्या जिनिंगमध्ये तो कागद तुम्हाला स्वतः लिहावा लागतो.

तर तो लिहा. काम उरकून घरी जाण्याआधी एका पानावर मांडा: यंत्राचं नाव, नंबर, वेग, पॅरिटी, कोणतं रजिस्टर म्हणजे काय, गुणक किती, शब्द उलटे की सुलटे, तार कुठून गेलीय, शेवटचे रेझिस्टर कोणत्या दोन डब्यांत आहेत. लॅमिनेशन करून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. वर तारीख टाका. पुढच्या दसऱ्याला मशीन सुरू होताना तिथे तुम्ही असाल की दुसरं कोणी, ते आज ठरलेलं नाही.